होडीतला गणपती आणि माझ्या पोटातली चोरी

मी एक जुना संगणक आहे. पेणमधल्या गणपतीच्या एका कारखान्यात, माळ्यावरच्या कोपऱ्यात, प्लॅस्टरच्या रिकाम्या गोणींखाली पडलो आहे. पडद्यावर पांढऱ्या धुळीचा थर बसलाय. म्हणतात, नवं साल दोन हजार लागलं की माझ्यासारख्यांची तारीख बिघडणार, म्हणून मला आधीच उचलून बाजूला टाकलं. टाका. भंगार म्हणा. पण मित्रांनो, या काचेतून मी जे पाहिलं ते ऐकून घ्या. देवाच्या कारखान्यात राहूनही मी देव पाहिला नाही. मात्र दोन माणसं अशी पाहिली, की आजही आठवलं तरी माझा थंड पडलेला पंखा फिरायला बघतो.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझं पोट एका देशातलं, पाठ दुसऱ्या देशातली. मुंबईच्या एका गल्लीत कोणा कारागिराने हे तुकडे पत्र्याच्या डब्यात बसवले आणि स्क्रू आवळले. चौऱ्याण्णव साली प्लॅस्टरच्या गोणी घेऊन येणाऱ्या टेम्पोतून मी पेणला आलो. कारखान्याचे मालक बाबाजीशेठ. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि नारळ माझ्याच डोक्यावर फोडायला हात उचलला. त्यांच्या पुतण्याने, हरेशने, मध्ये हात घातला म्हणून वाचलो.

"काका, यंत्र हाय ते, पायरी नाय!"

"मंग फोडू कुठं?"

"दारात फोडा."

सगळे हसले. रंगाऱ्यांनी, साचेवाल्यांनी माझ्यासमोर चपला काढल्या. मी तेव्हा रिकामा होतो. डबा विकत आणला होता, डब्यातली अक्कल कोणी विकत आणली नव्हती. हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अक्कल हरेशने आणली. तो संगणकाचा क्लास करून आलेला, कारखान्यातला एकटाच जाणकार. पनवेलच्या मित्राकडून त्याने चपट्या तबकड्यांचा, म्हणजे फ्लॉपींचा, गठ्ठा आणला आणि एकेक माझ्या तोंडात घातली. पत्रं लिहायचा प्रोग्राम, हिशेबाचा, चित्रं काढायचा, मला उठवून उभं करणारासुद्धा. शेठनी विचारलं, "ह्याचे पैसे कोणाला द्यायचे?" हरेश म्हणाला, "काका, ह्याला कोण पैसे देतो?" पुढे माझ्यासारखी आणखी यंत्रं आली. त्याच तबकड्या त्यांच्याही तोंडात फिरल्या. एकाची उष्टी पत्रावळ सगळ्या पंगतीला वाढावी तशी.

एकच गोष्ट हरेशला तशी आणता आली नाही. मराठी अक्षरांचा प्रोग्राम. त्याच्याबरोबर बोटभर लांबीचं एक कुलूप येतं. ते यंत्राच्या पाठीत खोचलं तरच पडद्यावर मराठी उमटतं, आणि त्या कुलपाची नक्कल होत नाही. ते मात्र रोख देऊन आणलं आणि माझ्या पाठीत बसवलं. मित्रांनो, माणसांचा प्रामाणिकपणा बघा. जे चोरता आलं नाही ते विकत घेतलं.

मी सुरू झालो की पडद्यावर इंग्रजीत एक नाव उमटायचं: डॉक्टर मनोहर टिपणीस, दंतवैद्य, डोंबिवली. सगळ्या यंत्रांवर हेच नाव. आता पेणची रीत अशी, की मूर्ती घडवणारा तिच्या पाटाखाली आपलं नाव नाहीतर खूण ठेवतो. त्यामुळे शेठपासून साचेवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, की हा प्रोग्राम ज्याने घडवला तो हाच कारागीर.

"काय माणूस असेल! दातांचं बघून परत हे पण करतो," शेठ म्हणायचे. खंडेनवमीला माझी पूजा करताना ते म्हणायचे, "टिपणीस डॉक्टरांना बरकत येऊ दे." हरेश गालातल्या गालात हसायचा. त्याला खरं माहीत होतं. पण खरं सांगून त्याच्या पदरात काय पडणार होतं?

माझी जागा माळ्यावर होती, समोर काच, आणि काचेखाली सगळा कारखाना. दिवसभर मी बिलं काढायचो, पत्ते छापायचो, मॉरिशसपर्यंत पत्रं पाठवायचो. लोक म्हणायचे, काय हुशार यंत्र! मला मात्र खाली बघून धडकी भरायची. कारण खाली बाबाजीशेठ डोळ्यांची आखणी करायचे.

आखणी म्हणजे मूर्तीला डोळे काढणं. रंग देणारे पुष्कळ. डोळे फक्त शेठ काढायचे. हातात बारीक कुंचला, श्वास रोखलेला, आजूबाजूला कोणी शिंकायचं नाही. एक रेघ ओढली जायची, आणि जे इतका वेळ प्लॅस्टर होतं ते माझ्याकडे बघायला लागायचं! मी हजार आकड्यांची बेरीज पापणी लवायच्या आत करतो. पण ती एक रेघ मला सात जन्मांत ओढता येणार नाही. दर वेळी मी थक्क व्हायचो. आजही होतो.

पुढे हरेशला आखातात नोकरी लागली. तो सगळी यंत्रं उघडी टाकून निघून गेला. त्याच्या जागी भूमिका घरत आली. ती रोह्याची. सकाळच्या पॅसेंजरने पेणला यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. वडील खाडीच्या बाजूला मिठागरात राबलेले, आणि घरात महिन्याच्या पगाराची नोकरी लागलेली ती पहिलीच. शेठनी तिला सांगितलं होतं, "बघू गो काम तुझं. पुढल्या सालच्या दिवाळीला कायम करतो."

तिने पहिलं काम काय केलं? माझं झाकण उघडून रंगाऱ्यांच्या मऊ कुंचल्याने माझ्या आतली धूळ झाडली. एवढ्या वर्षांत माझ्या पूजा पुष्कळ झाल्या होत्या, सफाई ती पहिलीच. मग तिने शेठना विचारलं, "ह्या प्रोग्रामांच्या मूळ तबकड्या, पेट्या कुठं हायत?"

"हरेशला ठाव," शेठ म्हणाले. विषय तिथेच मिटला.

त्याच पावसाळ्यात शेठनी एक नवा गणपती घडवला. गणपती होडक्यात बसलाय, पाय पाण्यात सोडलेत, आणि मागे उंदीर जीव खाऊन वल्हं मारतोय. किती वेळा माती चढवली, उतरवली! उंदराच्या पाठीचा बाक जमेना म्हणून शेठ खाडीवर जाऊन वल्हवणाऱ्या माणसांच्या पाठी बघत बसले. मूर्ती झाली तेव्हा त्यांनी होडीच्या बुडाला ओल्या मातीत आपला अंगठा दाबला. ती त्यांची खूण. त्या मूर्तीचं रेखाटन आणि पहिल्या गिऱ्हाइकांना लिहिलेली पत्रं माझ्या पोटात होती.

पुढच्या साली हंगामाच्या तोंडावर शेठ अलिबागच्या बाजारातून आले ते तांबडेलाल होऊन. हातात कागदात गुंडाळलेली मूर्ती. होडीतला गणपती! रंग भडक, डोळे तिरळे, पण होडी तीच, उंदीर तोच. शेठनी मूर्ती उलटी केली. बुडाला अंगठा उमटलेला.

"माझा अंगठा चोरला भाड्यांनी! अंगठा!"

खाडीपलीकडच्या एका कारखानदाराचं ते काम होतं. हे करणं सोपं असतं. एक मूर्ती विकत आणायची, तिच्यावर रबराचे थर चढवायचे, वाळले की पायातला मोजा काढावा तसा साचा निघतो. मग काढा त्यातून पाहिजे तितके गणपती. ज्याने घडवला तो बसला बोंबलत.

शेठनी अलिबागला वकील गाठला. वकीलसाहेब म्हणाले, "दावा लावू. रेखाटन, पत्रं तुमच्या संगणकात आहेत, हा मोठा पुरावा. पण समोरचा वकील त्या संगणकावरच बोट ठेवणार. तेव्हा तुमच्या माणसाकडून सगळी यंत्रं तपासून घ्या. आतले सगळे प्रोग्राम रीतसर विकत घेतलेले आहेत असं लिहून त्याची सही आणा."

ती सही भूमिकाची लागणार होती.

तिने एकेक यंत्र उघडलं. काय काय भरलंय ते पाहिलं. कपाटं उपसली, खोके उलटे केले. हरेशच्या खणात सुपारीची रिकामी पुडकी निघाली, परवाना एकाही प्रोग्रामाचा निघाला नाही. शेवटी तिने हात घालून माझी पाठ चाचपली आणि ते कुलूप तिच्या बोटांना लागलं. त्याचा कागद कपाटात सापडला. एवढंच काय ते आमचं. बाकी सगळं उसनं नव्हे, चोरीचं.

माझ्या शेजारीच टेलिफोन होता. भूमिकाने चौकशी करून डोंबिवलीचा नंबर मिळवला आणि फिरवला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"टिपणीस बोलतोय. कुठला दात?"

"दात नाय डॉक्टर. तुम्ही संगणकाचे प्रोग्राम बनवता का?"

"मी? मी कवळ्या बनवतो, बाई."

"मग आमच्या पेणच्या सगळ्या यंत्रांवर तुमचं नाव कसं येतं?"

 डॉक्टर इतके हसले की रिसीव्हर खरखरला. "अहो, मी ते विकत घेतलं होतं. कोणीतरी माझ्या तबकड्या उतरवून नेल्या असणार, माझ्या नावासकट! पेणच्या कारखान्यात माझं नाव झळकतंय, आणि इथे माझ्या पाटीवरचा दिवा लागत नाही!"

"तुम्ही विकत का घेतलं? सगळे तर फुकट घेतात."

"मला स्वतःला बनवता येत नाही, म्हणून. तुला येतं का?"

भूमिकाने फोन ठेवला आणि ती माझ्या पडद्याकडे बघत बसली. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला तेव्हाही कळत होतं. सही केली तर दिवाळीला नोकरी कायम. नाही केली तर रोह्याची गाडी, आणि घरी जाऊन आईबापांना तोंड दाखवायचं.

शेठ कागद घेऊन वर आले. ती चोरीची मूर्ती माझ्या शेजारी टेबलावर ठेवलेली.

"झालं गो तपासून? कर सही."

"नाय जमणार शेठ. हे खोटं हाय."

"काय खोटं?"

"कुलपाचा एक प्रोग्राम सोडला तर आपलं काहीच विकतचं नाय. सगळं हरेशदादाने उतरवून आणलेलं."

शेठ आधी हसले. "अगो, ह्यात काय वस्तू हाय? हातात धरता येते? कोणाच्या घरातून काय कमी झालं? कागद हाय तो, कर सही नि मोकळी हो."

मित्रांनो, एवढं बोलून ती गप्प बसली असती तरी पुष्कळ होतं. ती उठली. तिने मूर्ती उलटी करून होडीचं बूड वर केलं आणि मला सुरू केलं. पडद्यावर नाव उमटलं.

"हे टिपणीस डॉक्टर कारागीर नायत शेठ. मी फोन केला होता. पहिलं गिऱ्हाईक हायत ते. रोख देऊन घेणारे. त्या लोकांनी तुमच्या मूर्तीबरोबर तुमचा अंगठा उचलला. आपण ह्यांच्या मालाबरोबर ह्यांचं नाव उचललं. ज्यांनी घडवलंय त्यांची तर नावं पण आपल्याला ठाव नायत."

"तोंड सांभाळ!" शेठ ओरडले. खाली रंगारी थबकले. "मला चोर म्हणतेस? मी माती चढवलीय, डोळे फोडलेत कामापायी! त्या चोराला नि मला एका पारड्यात घालतेस?"

"मी नाय घातलं शेठ. तुमच्या वकिलाने सही मागितली म्हणून तपासलं."

"सही करत नसशील तर उद्यापासून येऊ नको."

"बरं," ती म्हणाली.  तिने डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि ती जिना उतरली. एक शब्द खोटा लिहिला असता तर तिचं कोण काय वाकडं करणार होतं? कोणी नाही! या देशात असल्या सह्यांवर मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. आणि ही एवढीशी पोर नुसतं "बरं" म्हणून निघाली. मी यंत्र आहे, माझ्यात बिघाड होतो, मला भीती वाटत नाही असं म्हणतात. त्या दिवशी मी थरारलो. मूर्तीचे डोळे उघडताना जे वाटायचं तेच वाटलं.

शेठ बसून राहिले. माझ्यासमोर, पहिल्यांदाच एकटे. हाताला प्लॅस्टर तसंच. त्यांनी एक बोट माझ्या एका कळीवर ठेवलं. पडद्यावर अक्षर उमटलं. दुसरी कळ दाबली, दुसरं उमटलं. ते वाकून वाकून बघत होते, जणू त्या अक्षराच्या मागे कोणी बसलंय का ते शोधत होते. मग स्वतःशीच पुटपुटले, "ह्याला साचा कुठला असेल? पहिलं कोणीतरी हातानेच घडवलं असणार ना."

कुठे असतील ती माणसं मला ठाऊक नाही. मीही त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्यांनी शब्दाशब्दाने मला घडवलं, रात्री जागवल्या, चुका काढल्या, आणि पेणच्या एका मूर्तिकाराने पहिल्यांदाच त्यांची आठवण काढली. माझ्या तारांतून काहीतरी सळसळत गेलं.

शेठ ताडकन उठले आणि अनवाणीच स्टेशनकडे धावले. पुढचं मी रंगाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. गाडी फलाटाला लागत होती. सगळ्यांसमोर शेठनी भूमिकाची पिशवी धरली.

"चल परत."

"सही करायला?"

"खऱ्यावर सही करायला. काय ते खरं लिही. खाली मी पण करतो."

दुसऱ्या दिवशी कागद लिहिला गेला. आमच्या यंत्रांत परवान्याशिवायचे प्रोग्राम होते, ते आम्ही काढून टाकत आहोत, रेखाटन आणि पत्रं आमची स्वतःची आहेत. खाली तिची सही, मग शेठची. वकीलसाहेब फोनवर किंचाळले, "वेड लागलंय का? हे कोर्टात कोण देतं?" शेठ म्हणाले, "मी देतो."

मग आम्हाला पुसायचं ठरलं. भूमिकाने आधी आमचं ते वेगळं काढलं. रेखाटन, पत्रं, गिऱ्हाइकांचे पत्ते. केवढंसं निघालं! आणि तरी ते निखळ आमचं होतं. मग तिने एकेक यंत्र कोरं केलं. माझी पाळी आली. मधलं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा शेठनी मला उठवणारा, पत्रं लिहिणारा, हिशेबाचा, सगळे प्रोग्राम विकत आणले होते, पण एकट्या मला पुरतील एवढेच. बाकीची यंत्रं हंगामभर आंधळी बसली. पत्ते हाताने लिहिले, बिलं हाताने फाडली. रंगारी कुरकुरले, हरेशने आखातातून फोन करून टिंगल केली. शेठ म्हणाले, "तुझं हसणं तुझ्याजवळ ठेव."

दावा उभा राहिला तेव्हा समोरच्या वकिलाने छाती फुगवून तोच बाण काढला. भूमिका तिथे हजर होती, परत आल्यावर तिने माळ्यावर सगळ्यांना सांगितलं.

वकिलाने विचारलं, "तुमच्या संगणकात चोरीचा माल होता, खरं ना?"

शेठ म्हणाले, "होता. लिहून दिलाय. वाचा. आता तुमच्या अशिलाला इचारा, त्याच्या कारखान्यात माझा अंगठा काय करतो."

वकिलाने तो कागद वाचला आणि पुढची तारीख मागितली. पुढच्या तारखेच्या आत तो खाडीपलीकडचा कारखानदार स्वतः आला, चेहरा पाडून. गोणीतून रबराचा साचा काढून त्याने शेठच्या पायाशी टाकला. "पुन्यांदा नाय करणार बाबाजीशेठ. मिटवा." शेठनी त्याला चहा पाजला. नंतर सुरी मागवली आणि त्याच्यादेखत साचा फाडायला घेतला. रबर चिवट असतं. एकट्याच्याने फाटेना. तेव्हा त्या कारखानदाराने दुसरं टोक धरलं. दोघे म्हातारे विरुद्ध बाजूंनी ओढत होते आणि सगळा कारखाना हातातलं काम टाकून बघत होता. काचेआडून मीही बघत होतो. मित्रांनो, मंदिरात लोक डोळे मिटून हात जोडतात. त्या दिवशी तिथे सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि हात आपोआप जोडले गेले होते.

दिवाळीला भूमिका कायम झाली. ती अजून रोह्याहून येते, नव्या यंत्रांवर बसते. त्या सगळ्यांचे परवाने आहेत. माझं काय, मी गोणींखाली आहे आणि तक्रार नाही. माझ्यावरची धूळ पुसा, मला फडक्याने झाका, असं गळा काढून मी सांगणार नाही. यंत्रं जुनी व्हायचीच, भंगारात जायचीच. जपायचीच तर दुसरी गोष्ट जपा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी शेठ व्हाल, कोणी साहेब. तुमच्या हाताखाली कधीतरी एखादं माणूस येईल, जे तुमच्या तोंडावर म्हणेल, "नाय जमणार, हे खोटं हाय." तुम्ही चिडाल. ओरडालही. पण त्याची गाडी सुटायच्या आत स्टेशनवर पोचा.